उन्हाचा आकडा, घड्याळ आणि सनस्क्रीन : वाचकांचे प्रश्न

या वेळी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी सात पत्रं घेतली आहेत. सगळी उन्हाबद्दलची आहेत. उत्तरं सदराच्या त्वचारोगतज्ज्ञांनी दिली आहेत. पहिलं पत्र एका डॉक्टरांचं आहे. त्याचं उत्तर लांबलं आहे, पण ते रुग्णांनीही वाचावं, कारण पुढच्या उत्तरांत त्यातल्याच गोष्टी पुन्हा येतात.

प्रश्न : मी फॅमिली डॉक्टर आहे. वांगाच्या बऱ्याच बायका येतात. सनस्क्रीन लिहून देतो, "रोज लावा" म्हणतो. तीन महिन्यांनी परत येतात तेव्हा डाग तसेच आणि ट्यूब अजून अर्धी भरलेली. हल्ली मोबाईलवर यूव्ही इंडेक्स दिसतो. तो दाखवून समजावलं तर उपयोग होईल का? आणि समजावायचं कसं? (कराड)

उत्तर : होईल, पण आकडा कसा दाखवता यावर सगळं आहे.

यूव्ही इंडेक्स म्हणजे त्या वेळी जमिनीवर पोचणारे अतिनील किरण त्वचेला किती भाजू शकतात, त्याचं माप. ही पद्धत १९९२ मध्ये कॅनडात सुरू झाली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ती जगभर एकसारखी केली. ० ते २ कमी, ३ ते ५ मध्यम, ६ आणि ७ जास्त, ८ ते १० फार जास्त आणि ११ पासून पुढे अतितीव्र. ३ पासून संरक्षण सुरू करायचं, हा नियम.

गडबड इथून सुरू होते. थंड देशांत हिवाळ्यात हा आकडा १-२ वर असतो आणि उन्हाळ्यात ८-९ वर जातो. म्हणून तिथला माणूस सकाळी बघतो, "आज क्रीम लागेल का?" आपल्याकडे हा प्रश्नच चुकीचा ठरतो. सातारा, कराड, सांगली हा पट्टा साधारण १७ अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. उन्हाळ्यातल्या स्वच्छ दुपारी आकडा ११-१२ च्या घरात जातो, आणि डिसेंबरातही भर दुपारी ६-७ असतो. म्हणजे निरभ्र आकाश असेल तर वर्षातला असा एकही दिवस नाही की दुपारी आकडा ३ च्या आत राहिला. रोज "आज ११ आहे, आज ११ आहे" ऐकून रुग्ण आठवड्याभरात कंटाळतो आणि तुमचं ऐकणं सोडतो.

तेव्हा आकडा दिवसासाठी नको, घड्याळासाठी वापरा. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या आसपास, कारण भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखांशावरून ठरते त्याच्या आपण बरेच पश्चिमेला आहोत. मे महिन्यात सकाळी साडेआठच्या सुमाराला आकडा ३ ओलांडतो आणि दुपारी साडेचारच्या सुमाराला पुन्हा खाली येतो. डिसेंबरात हाच काळ साधारण साडेनऊ ते साडेतीन. हे दोन काळ चिठ्ठीवर औषधाच्या खाली पेनाने लिहून द्या. "रोज लावा" यापेक्षा "आठला लावा, बाराला पुन्हा लावा, साडेचारनंतर सुट्टी" हे कुणालाही पाळायला सोपं जातं. कधी थांबायचं हे कळलं की माणूस सुरूही करतो.

मोबाईल दाखवताना एक चूक हमखास होते. रुग्ण सकाळी सातला ॲप उघडते, त्यात "१, कमी" असं दिसतं आणि ती निर्धास्त बाहेर पडते. तो आकडा त्या क्षणाचा असतो. तासागणिक येणारी पट्टी कशी उघडायची ते तिच्याच फोनवर, तिच्याच बोटाने करून घ्या. "मावशी, हे बघा, सातला १ आहे. तुम्ही बाजारातून परत येता कधी? अकराला? अकराखाली किती लिहिलंय?" तिने तो आकडा स्वतः वाचला की काम झालं. शेजारी तापमानाचा आकडा असतो, त्याच्याशी गल्लत होऊ देऊ नका. ऊन चटका देतं ते उष्णतेने. अतिनील किरण अंगाला अजिबात जाणवत नाहीत.

फोन नसेल त्यांना सावली शिकवा. सावली आपल्या उंचीच्या दुप्पट असेल तोवर आकडा साधारण ३ च्या आत. सावली उंचीइतकी झाली की तो ६ च्या आसपास पोचलेला असतो. सावली पायाशी गोळा झाली की सगळ्यात जास्त. दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून हे एका मिनिटात दाखवता येतं, आणि शाळा न शिकलेल्या आजीच्याही लक्षात राहतं.

आता ट्यूब. तीन महिन्यांत अर्धी ट्यूब, हे तुमच्या हातातलं सगळ्यात खरं माप आहे. एसपीएफची, म्हणजे क्रीम त्वचेला भाजण्यापासून किती वाचवतं त्या आकड्याची, चाचणी होते तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावलेलं असतं. चेहरा, कान आणि मान धरून एका वेळेला सव्वा ग्रॅमच्या आसपास लागतं. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब ४० वेळा पुरते, दिवसातून दोनदा लावलं तर वीस दिवस. तुमच्या रुग्णेने ९० दिवसांत २५ ग्रॅम वापरलं, म्हणजे रोज पाव ग्रॅमच्या थोडं वर. वाटाण्याएवढा ठिपका. एसपीएफ ५० चं क्रीम पाव मापाने लावलं तर ते ५० चं राहत नाही, फार खाली येतं. पुढच्या भेटीत "लावता का?" असं विचारू नका, उत्तर "हो"च येणार. "ट्यूब कोणत्या तारखेला उघडली, किती उरली?" हे विचारा. ट्यूबवर उघडल्याची तारीख मार्करने तुम्हीच घाला.

माप शिकवायला दोन बोटं पुरतात. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक जाड रेघ. एवढं चेहरा आणि मानेला. पहिल्यांदा समोरच लावून घ्या. बहुतेकींना ते "केवढं हे!" वाटतं, आणि एका दमात चोळायला गेलं तर पांढरं पिठूर बसतं. एक रेघ लावायची, दोन मिनिटं थांबायचं, मग दुसरी. कान, मानेची मागची बाजू, केसांची कड आणि वरचा ओठ या जागा सुटतात. वांग वरच्या ओठावर हट्टाने बसतं, त्याचं हेही एक कारण.

एक प्रयोग सांगतो, टेबलावर करता येण्यासारखा. दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो निळसर दिवा किंवा ३६५ नॅनोमीटरची टॉर्च घ्या. खोली थोडी अंधारी करा. पाचशेच्या नोटेवर प्रकाश टाकला की नंबर आणि कागदातले बारीक धागे उजळतात. नोटेवर पातळ पारदर्शक पॉलिथिनची पिशवी पसरा आणि तिच्या अर्ध्या भागावर सनस्क्रीन नीट लावा. क्रीम लावलेल्या भागाखालचा नंबर विझतो, मोकळ्या भागाखालचा उजळतच राहतो. मग त्याच पिशवीवर वाटाण्याएवढं क्रीम फासून दाखवा. नंबर ठिकठिकाणी डोकावतो. आपण चेहऱ्यावर काय करत होतो ते रुग्णेला तिथेच दिसतं. दोन काळज्या घ्या. टॉर्च ३६५ चीच हवी. स्वस्तात मिळणारी ३९५ ची जांभळी टॉर्च अतिनीलच्या कडेवर असते, तिथे बरीच सनस्क्रीन कमी शोषतात, आणि प्रयोग फसून रुग्णेचा भलताच समज होतो. दुसरं, दिवा डोळ्यांवर धरायचा नाही. हा प्रयोग समजावण्यापुरता आहे. त्यावरून कुठल्या कंपनीचं क्रीम चांगलं हे ठरवू नका.

आठवण करून देण्यालाही फळ येतं. २००९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७० जणांच्या ट्यूबच्या झाकणाला इलेक्ट्रॉनिक नोंद करणारं यंत्र लावलं होतं. निम्म्या लोकांना सहा आठवडे रोज मोबाईलवर संदेश गेला, त्यात त्या दिवसाचं स्थानिक हवामान आणि क्रीम लावायची आठवण. संदेश मिळालेल्यांनी सुमारे ५६ टक्के दिवस क्रीम लावलं, न मिळालेल्यांनी ३० टक्के. निव्वळ आकड्यापेक्षा आकडा आणि त्याला जोडलेली एक कृती, ही जोडी महत्त्वाची. फोनवर आठ आणि बाराचा गजर तुमच्यासमोरच लावून घेतलात तरी चालेल.

आणि कॅन्सरची भीती घालू नका. ऑस्ट्रेलियात नांबोर इथे १९९२ ते १९९६ मध्ये १,६२१ लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत रोज क्रीम लावणाऱ्यांमध्ये त्वचेच्या एका प्रकारच्या कॅन्सरचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळलं. पण तो समाज मुख्यतः गोऱ्या कातडीचा. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य त्या बाबतीत आपल्याला बरंच सांभाळतं. वांग, काळवंडणं, उन्हाची ॲलर्जी, मोतीबिंदू, ही आपल्याकडची खरी कारणं. रुग्णेला तेच सांगा, कारण ती त्यासाठीच आलेली असते.

प्रश्न : आम्ही वर्षभर थंड हवेत राहतो. तरी मुलांचे गाल रापतात. सप्टेंबरात कासला गेलो, सगळा दिवस ढग होते, गारठा होता, आणि घरी आल्यावर नाक सोलवटलं. हे वाऱ्यामुळे होतं का? (पाचगणी)

उत्तर : वाऱ्याने त्वचा कोरडी पडते, पण नाक सोलवटलं ते उन्हाने. उंची वाढते तशी वरची हवा विरळ होते, आणि दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. महाबळेश्वर, पाचगणी समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या आसपास, कासचं पठार १२०० मीटरच्या आसपास. हवा थंड म्हणून चटका बसत नाही, माणूस सावलीत जात नाही. फुलं बघत चार तास उघड्यावर हिंडतो, तेही नेमके अकरा ते तीन.

ढगांचा भरवसा धरू नका. पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येतात. जुलैतला काळाकुट्ट पावसाळी ढग बरंच अडवतो, तो वेगळा. सप्टेंबरातले फुटके पांढरे ढग मात्र कडेवरून प्रकाश परतवतात, आणि काही मिनिटं आकडा निरभ्र आकाशापेक्षाही वर जाऊ शकतो. कासवर झाड नाही, आडोसा नाही. जाताना काठाची टोपी घ्या, निघण्याच्या वीस मिनिटं आधी क्रीम लावा आणि ट्यूब बरोबर ठेवा. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. ॲपमध्ये गाव "सातारा" ठेवलं असेल तर कासला जाताना थोडं वर धरूनच चाला.

सहा महिन्यांखालच्या बाळाला क्रीम लावू नका, त्याला सावलीत आणि कपड्यात ठेवा.

प्रश्न : द्राक्षबागेत मजुरी करणाऱ्या बायकांना सनस्क्रीन सांगितलं जातं. घामाने ते दहा मिनिटांत डोळ्यांत उतरतं आणि ट्यूब महाग. उपाय काय? (तासगाव)

उत्तर : तुमचं बरोबर आहे. दिवसभर उघड्यावर राबणाऱ्या माणसाला क्रीम हा पहिला उपाय सांगणं चूक आहे. पहिला उपाय कपडा आणि वेळ.

बागेचं वेळापत्रक बघा. पानांचा मांडव भरलेला असतो तेव्हा खाली बरी सावली असते. एप्रिलची खरड छाटणी झाली की मांडव उघडा पडतो, तारा आणि काड्याच उरतात, आणि नेमका तेव्हाच आकडा वर्षातल्या सगळ्यात वरच्या टप्प्यात असतो. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतरही मांडव तसाच उघडा पडतो. या दोन छाटण्यांच्या दिवसांत मजुरी सकाळी सहा-साडेसहाला सुरू करून साडेदहा-अकराला थांबवली आणि उरलेलं काम चारनंतर घेतलं, तर सगळ्यात वाईट पाच तास टळतात. हे बागायतदाराच्या हातात आहे, मजूर बाईच्या नाही. म्हणून हे उत्तर बागायतदारांनीही वाचावं.

साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायची बायकांची पद्धत उत्तम आहे. शर्ट दाट विणीचा आणि गडद रंगाचा घ्या. कापड उजेडाकडे धरून पाहा. पलीकडचा उजेड जितका कमी दिसेल तितकं ते कामाचं. विरलेल्या पांढऱ्या सुती कापडातून बरंच ऊन आत येतं, आणि घामाने भिजलं की आणखी. डोक्यावरचा पदर किंवा टॉवेल कपाळ आणि मान झाकतो, पण नाक आणि गाल उघडे राहतात. त्यासाठी सगळीकडून किमान तीन इंच काठ असलेली टोपी पदरावरून बांधावी. समोरच फळी असलेली टोपी कान आणि मान उघडी ठेवते.

मग क्रीम लागतं ते फक्त नाक, गाल, हनुवटी आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. एवढ्याला अर्धं माप पुरतं, ट्यूब दुप्पट दिवस जाते. "वॉटर रेझिस्टंट" लिहिलेलं घ्या. पाण्यात ४० किंवा ८० मिनिटं टिकतं, असा त्याचा अर्थ असतो. कोरड्या चेहऱ्यावर लावून पंधरा-वीस मिनिटं थांबून मगच कामाला लागायचं. लावल्या लावल्या बागेत शिरलं की घामाबरोबर डोळ्यांत जाणारच. कपाळावर भुवयांच्या वर एक बोट जागा सोडा. घाम पुसू नका, टिपा. पदर घासून पुसला की क्रीमही जातं.

एक वेगळी सूचना. छाटणीनंतर पेस्टिंगला, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून काड्यांना लावायला, हायड्रोजन सायनामाइड वापरतात. ते त्वचेला झोंबतं, फोड आणतं. हातमोजे घालूनच ते काम करा. त्या हाताने चेहऱ्याला क्रीम लावू नका, हात साबणाने धुऊन मगच लावा.

प्रश्न : मी एसटीचा चालक. उजवा हात आणि उजवा गाल डाव्यापेक्षा काळा पडलाय. काच बंद असली तरी होतं का? (सांगली)

उत्तर : होतं. अतिनीलचे दोन प्रकार जमिनीवर पोचतात. यूव्हीबी त्वचा भाजतं, ते साध्या काचेत बहुतेक अडतं. यूव्हीए खोलवर जाऊन काळवंडवतं आणि सुरकुत्या आणतं, आणि खिडकीच्या काचेतून ते बऱ्यापैकी आत येतं. समोरची मोठी काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून केलेली असते, ती यूव्हीएही जवळपास सगळं अडवते. म्हणून उन्हात काळा होणारा चष्मा गाडीत बसल्यावर नीट काळा होत नाही. तुमची बाजूची काच तशी नसते, आणि ती बहुधा उघडीच असते.

उजव्या हाताला मनगटापर्यंत बाही घाला, दुचाकीस्वार वापरतात तशी वेगळी मिळते. उजवा गाल, कान, मान यांना क्रीम लावा. त्याच्या वेष्टनावर यूव्हीएचं संरक्षण लिहिलेलं पाहिजे, एसपीएफ एकटा पुरत नाही. ट्यूब डॅशबोर्डवर ठेवू नका. उन्हात तापून ती खराब होते, पाणी आणि तेल वेगळं झालेलं दिसलं की टाकून द्या. गॉगल घेताना "यूव्ही ४००" बघा. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि संरक्षण नसेल तर उलट नुकसान.

प्रश्न : एसपीएफ ३०, ५०, १०० यांत फरक काय? दुकानात म्हणाले, जितका मोठा तितकी गोरी होशील. मला वांग आहे. (सातारा)

उत्तर : सनस्क्रीनने कुणी गोरं होत नाही. पुढचं काळवंडणं थांबतं, एवढंच, आणि तेवढं पुष्कळ आहे.

एसपीएफ ३० पूर्ण मापाने लावलं तर यूव्हीबीचा सुमारे ९७ टक्के भाग अडतो, ५० ने ९८. पुढचा फरक अगदी थोडा. पण आपण सगळेच कमी लावतो, म्हणून ५० घेतलेलं बरं. त्याशिवाय पीए पाहा. यूव्हीए किती अडतं ते ही जपानी खूण सांगते. तीन अधिकची चिन्हं तरी हवीत, वांगाला चार उत्तम.

वांगाच्या बाबतीत एक गोष्ट अजून बऱ्याच जणींना माहीत नसते. सावळ्या त्वचेवर डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशानेही डाग गडद होतात, आणि नेहमीचं सनस्क्रीन तो अडवत नाही. आयर्न ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन तो अडवतं. घटकांच्या यादीत नाव बघून घ्या. ते पांढरंही दिसत नाही.

दुकानातून स्वतःच्या मनाने "डागांचं क्रीम" आणून लावत असाल तर आधी त्यावर काय लिहिलंय ते डॉक्टरांना दाखवा. यातल्या अनेक क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, ऊन सोसत नाही, केस येतात. त्यावर कितीही एसपीएफ लावलं तरी उपयोग होत नाही.

प्रश्न : सनस्क्रीन लावल्याने ड जीवनसत्त्व कमी होईल ना? (मिरज)

उत्तर : रोजच्या वापरात त्याने फारसा फरक पडत नाही, कारण ठरल्या मापाने कुणी लावत नाही आणि सगळं अंग कुणी माखत नाही. चेहरा हा शरीराचा छोटा भाग आहे. त्याला क्रीम लावा, हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात बसा. मात्र सकाळी सातचं कोवळं ऊन यासाठी कामाचं नाही, त्यात यूव्हीबी नसल्यातच जमा असतं. सावली उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन लागतं. त्वचा जितकी सावळी तितका वेळ जास्त. ज्यांना उन्हाचाच आजार आहे त्यांनी हा मार्ग धरू नये, रक्त तपासून गोळी घ्यावी.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. रक्तदाबाची आणि गुडघ्यांची गोळी चालू आहे. माउलींच्या पालखीबरोबर लोणंदपासून बरडपर्यंत चालतात. गेल्या वर्षी चेहरा, मान, हात लाल होऊन खाज सुटली. गावात गाजरगवतही फार आहे. कशाने झालं असेल? (फलटण)

उत्तर : तीन शक्यता आहेत, आणि जागा बघून बऱ्याच अंशी ओळखता येतं.

उन्हाने झालेली लाली उघड्या जागी येते. कपाळ, नाक, गाल, मानेचा पुढचा व्ही आकाराचा भाग, तळहातांची मागची बाजू. हनुवटीखाली, कानामागे, पापण्यांच्या घडीत, घड्याळाच्या पट्ट्याखाली त्वचा सुटलेली दिसते. गाजरगवताचे कण हवेतून येतात, ते सावलीतल्या जागाही सोडत नाहीत. पापण्या, कानामागे, हनुवटीखाली, कोपराच्या खोबणीत तेच जास्त उमटतं. हे तण आपल्याकडे पहिल्यांदा पुण्यात १९५० च्या दशकात नोंदलं गेलं. आता बांधाबांधावर आहे. बरीच वर्षं ही ॲलर्जी असली की काहींची त्वचा उन्हालाही सोसेनाशी होते, आणि मग दोन्ही चित्रं एकत्र दिसतात.

तिसरी शक्यता गोळ्यांची. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, गुडघ्यांसाठी काहींना पिरॉक्सिकॅम किंवा नॅप्रोक्सेन दिलेलं असतं. या औषधांनी काहींची त्वचा उन्हाला नाजूक होते. मुरमांसाठी देतात ते डॉक्सिसायक्लिनही त्यातलंच. गोळी स्वतःहून बंद करू नका, रक्तदाबाची तर मुळीच नाही. वारीला निघण्याच्या महिनाभर तरी आधी डॉक्टरांना विचारा, पर्यायी गोळी मिळते.

वाटेत आषाढात ढग असले तरी सूर्य माथ्याजवळ असतो. मोठ्या काठाची टोपी किंवा छत्री, पूर्ण बाह्या, उघड्या जागी वॉटर रेझिस्टंट क्रीम. विसाव्याला थांबतील तिथे पुन्हा लावायचं, ही वेळ लक्षात ठेवायला सोपी. अंगाला लिंबू चोळून उन्हात जाऊ नये, त्याच्या रसाने उन्हात काळे चट्टे उठतात.

या वर्षी पुन्हा लाली आली तर उजेडात मोबाईलवर फोटो काढून ठेवा. एक चेहऱ्याचा, एक कानामागचा, एक हनुवटीखालचा, एक पापण्यांचा डोळे मिटून. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या.